पडदा पडल्यानंतर उरणारा आवाज

११ एप्रिल १९६४ च्या रात्री न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील ‘एनीवन कॅन व्हिसल’ हे संगीत नाटक बंद पडले. त्याचे अवघे नऊ प्रयोग झाले होते. बहुतेक समीक्षकांनी ते झोडपले होते, प्रेक्षक फिरकले नव्हते आणि गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले होते. व्यवसायाच्या हिशेबाने ही कथा येथेच संपावयास हवी होती. परंतु दुसऱ्याच दिवशी, रविवारी, कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीचे प्रमुख गॉडर्ड लीबरसन यांनी त्या नाटकातील नटांना व वादकांना ध्वनिमुद्रणगृहात बोलावले आणि बुडालेल्या नाटकाची गाणी मुद्रित करून घेतली. त्या नाटकाचे गीतकार-संगीतकार स्टीफन साँडहाइम तेव्हा ३४ वर्षांचे होते. पुढे अमेरिकन संगीत रंगभूमीचे ते अग्रणी ठरले. त्या रविवारी ध्वनिमुद्रण झाले नसते, तर नऊ रात्रींच्या प्रेक्षकांखेरीज ते नाटक कोणीही त्याच्या मूळ स्वरांत ऐकू शकले नसते.

या घटनेकडे एका रसिक व्यापाऱ्याची लहर म्हणून पाहता येईल. पण तिच्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्या कलेचे अस्तित्वच प्रयोगापुरते असते, तिचा पुरावा जपण्याची जबाबदारी कोणाची? नफा पाहणाऱ्या कंपनीची, छंदापायी घर भरून टाकणाऱ्या संग्राहकाची, की समाजाची? ब्रॉडवेच्या संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रणांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयोगी पडतो, कारण जपणुकीची आणि हेळसांडीची सर्व उदाहरणे त्यात सापडतात.

संपाने ठरविलेली स्मृती

मूळ नटसंचाने गायिलेली गाणी मूळ वाद्यवृंदासह मुद्रित करावयाची, ही पद्धत अमेरिकेत खऱ्या अर्थाने रुजली ती १९४३ साली. रिचर्ड रॉजर्स व ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ‘ओक्लाहोमा!’ हे नाटक त्या वर्षी ३१ मार्चला रंगभूमीवर आले आणि तुफान गाजले. परंतु त्या वेळी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारलेला होता. तबकड्यांमुळे प्रत्यक्ष वाजविणाऱ्या वादकाचा रोजगार बुडतो, तेव्हा तबकड्यांच्या विक्रीतील वाटा वादकांना मिळाला पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. १ ऑगस्ट १९४२ पासून सुरू झालेला हा बहिष्कार मोठ्या कंपन्यांनी लांबविला. डेक्का या तुलनेने लहान कंपनीने मात्र सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली आणि लगोलग ‘ओक्लाहोमा!’चे मुद्रण केले. सहा तबकड्यांचा तो संच इतका खपला, की त्यापुढे प्रत्येक यशस्वी नाटकामागे असा संच येणे हा रिवाजच झाला.

त्या तबकड्या लाखेच्या होत्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. आपल्याकडील नाट्यपदेही याच मापात कापून बसविली गेली, हे जुन्या रसिकांस ठाऊक आहे. संबंध तेवढाच नाही. जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळी भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जात असे. युद्धामुळे ही आयात अडचणीत येताच अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले आणि जुन्या तबकड्या मोडीत गोळा करून त्यांतून नव्या बनविण्याची वेळ आली. एका काळाचे संगीत वितळवून दुसऱ्या काळाचे संगीत तयार झाले. त्या मोडीत काय काय गेले, याची नोंद कोणी ठेवली नाही.

वादकांचा दुसरा बहिष्कार १९४८ च्या जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यास संपला. त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कुर्ट वाइल यांचे ‘लव्ह लाइफ’ आणि फ्रँक लेसर यांचे ‘व्हेअर्स चार्ली?’ ही नाटके रंगभूमीवर आली. यांपैकी दुसऱ्याचे तर ७९२ प्रयोग झाले. तरीही ब्रॉडवेवरील मूळ नटसंचाच्या आवाजात दोन्हींपैकी एकाचाही संच निघाला नाही. ३० डिसेंबरला कोल पोर्टर यांचे ‘किस मी, केट’ आले. तोवर बहिष्कार उठला होता. पुढच्याच महिन्यात त्याचे मुद्रण झाले आणि ते घराघरांत पोहोचले. अडीच-तीन महिन्यांचे अंतर एवढाच काय तो फरक! कोणते नाटक पुढील पिढ्यांच्या कानांवर पडावे, हे येथे गुणवत्तेने ठरविले नाही, ते दिनदर्शिकेने ठरविले. वादकांची मागणी अन्याय्य होती असे मुळीच नाही. जपणुकीचा विचार वाटाघाटीला बसलेल्या कोणत्याच पक्षाच्या यादीत नव्हता, एवढाच याचा अर्थ.

बाजार काय जपतो?

१९४८ च्या जूनमध्ये कोलंबियाने दीर्घकाळ वाजणारी तबकडी बाजारात आणली आणि जवळजवळ संपूर्ण नाटकाची गाणी एका तबकडीवर मावू लागली. या व्यवसायाचा सुवर्णकाळ तेथून सुरू झाला. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ रचली, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. त्याच नाटकावरून १९५६ साली आलेल्या ‘माय फेअर लेडी’चे भांडवल कोलंबियाच्या मालक कंपनीने पुरविले होते. नाटकाचे २,७१७ प्रयोग झाले आणि तबकडीने कंपनीला अफाट पैसा मिळवून दिला. ध्वनिमुद्रिका ही नाटकाची केवळ आठवण न राहता नाटकाचे एक आर्थिक कारण बनली.

तथापि बाजाराची स्मरणशक्ती त्याच्या हिशेबाइतकीच असते. साँडहाइम यांचे ‘फॉलीज’ १९७१ साली आले. त्यातील गाण्यांना दोन तबकड्या लागल्या असत्या. मुद्रणाचे हक्क असलेल्या कॅपिटॉल कंपनीने ती एकाच तबकडीत बसविली. काही गाणी वगळली गेली, काही छाटली गेली. मूळ नटसंचाचा तो आवाज कायमचा अर्धवट राहिला. १९८५ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या साथीने झालेल्या कार्यक्रमात ती गाणी पुन्हा मुद्रित झाली, परंतु गळे दुसरे होते. ‘ओक्लाहोमा!’च्या पहिल्या संचातही तीन गाणी राहून गेली होती. नंतर ती मुद्रित झाली तेव्हा खलनायकाचे गाणे नायकाची भूमिका करणाऱ्या आल्फ्रेड ड्रेक यांच्याकडून गाऊन घेतले गेले. याचा अर्थ असा, की ध्वनिमुद्रिका हा प्रयोगाचा निखळ दस्तऐवज नसतो. खर्च, वेळ आणि विक्री यांच्या चाळणीतून उतरलेला तो पुरावा असतो. म्हणूनच त्याच्या सर्व आवृत्त्या, टाकून दिलेली मुद्रणे आणि टाचणे यांनाही मोल येते.

एका तबकडीचे मुद्रण म्हणजे लहान खर्च नव्हे. संघटनेच्या नियमांप्रमाणे नटाला मुद्रणाच्या एका दिवसासाठी आठवड्याचे वेतन द्यावे लागत असे. बंद पडलेल्या नाटकावर हा खर्च कोण करील? अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर जपणुकीचा खर्च आज एकाला पडतो आणि तिचा लाभ उद्या अनेकांना होतो. अशा वस्तूंचा पुरवठा बाजार नेहमीच अपुरा करतो. यात कंपन्यांच्या सचोटीचा प्रश्न नसून व्यवस्थेच्या स्वभावाचा प्रश्न आहे.

मुद्रण झाले म्हणजे जपणूक झाली, असेही नाही. रेडिओ केंद्रांत व खासगी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या तात्काळ मुद्रणाच्या तबकड्यांवरील लेप कालांतराने तडकून सुटतो. जुन्या ॲसिटेटच्या फिती कुजू लागल्या, की त्यांना सिरक्याचा वास येतो. १९७० व १९८० च्या दशकांतील अनेक फितींतील चिकट द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते आणि फीत यंत्रालाच चिकटते. अशा फिती सुमारे ५० अंशांच्या मंद उष्णतेत काही तास ठेवून, जणू भाजून, मग घाईने त्यांची प्रत काढून घ्यावी लागते. त्या वाजविणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हातही दुर्मीळ होत चालले आहेत. त्यात अपघातांची भर. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ फितींचे एक कोठार सापडले. हानीचा आवाका किती, हा वाद २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या वृत्तांतानंतर उसळला. कंपनीने तो आकडा अमान्य केला. परंतु एवढी संपत्ती बाळगणाऱ्या कोठारात नेमके काय होते आणि काय गेले याविषयी दुमत व्हावे, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

छंद आणि संस्था

या उणिवेची भरपाई प्रथम केली ती छांदिष्टांनी. जुन्या बाजारांतून तबकड्या वेचणारे, दुकानांच्या मोडीतून संच सोडविणारे, कोणत्या मुद्रणात कोणते कडवे गळले याच्या वह्या ठेवणारे लोक नसते, तर पुनःप्रकाशनासाठी कंपन्यांना स्वतःच्याच मालाच्या चांगल्या प्रती मिळाल्या नसत्या. रे नाइट नावाच्या एका प्रेक्षकाने तर काही दशके प्रेक्षागृहात बसून लहान कॅमेऱ्याने गुपचूप नाटकांचे मूक चित्रण केले. नियमाने ते निषिद्धच होते. आज ते चित्रण लॉस एंजेलिसच्या इन्स्टिट्यूट ऑफ द अमेरिकन म्युझिकल या संस्थेच्या संग्रहात असून अनेक नाट्यप्रयोगांची हालचाल केवळ त्यातच उरली आहे.

छंदाला संस्थेची जोड मिळाली की काय घडते, याचीही उदाहरणे आहेत. कृष्णवर्णीय कलावंतांनी उभ्या केलेल्या १९२१ सालच्या ‘शफल अलाँग’ची विखुरलेली मुद्रणे १९७६ मध्ये न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्सने एकत्र प्रसिद्ध केली. ही संस्था रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अनुदानातून उभी राहिली होती. १९८२ साली न्यू जर्सीतील सिकॉकस येथील एका गोदामात गर्श्विन, कर्न, पोर्टर, रॉजर्स यांच्या हस्तलिखितांच्या पेट्या सापडल्या. त्यांच्या आधाराने जॉन मॅकग्लिन यांनी १९२७ च्या ‘शो बोट’चे तीन तबकड्यांचे समग्र मुद्रण १९८८ मध्ये सिद्ध केले. वगळलेली गाणी साठ वर्षांनी ऐकू आली.

सर्वांत शहाणपणाची तडजोड मात्र न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने केली. बेटी कॉर्विन यांच्या पुढाकाराने १९७० साली तेथे नाट्यप्रयोगांच्या चित्रमुद्रणाचा संग्रह सुरू झाला. नट, वादक, लेखक, तंत्रज्ञ या साऱ्यांच्या संघटनांशी करार करून प्रयोग मुद्रित करावयाचे, त्यांची प्रत कोणास द्यावयाची नाही, पण अभ्यासकाला ग्रंथालयात बसून ते पाहू द्यावयाचे, असा हा मार्ग आहे. कलावंताचा हक्क आणि समाजाची स्मृती हे परस्परांचे वैरी नाहीत, हे या एका संग्रहाने अर्ध्या शतकाहून अधिक काळ सिद्ध केले आहे.

कायद्याने मात्र फार उशीर केला. अमेरिकेत १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर होती. २०१८ च्या कायद्याने ती आत आली आणि १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी सर्वांसाठी खुली झाली. परंतु ‘ओक्लाहोमा!’चा संच खुला होण्यास २०४४ साल उजाडावे लागेल आणि ‘माय फेअर लेडी’साठी २०६७. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षांची आहे. युरोपात ती दीर्घकाळ ५० वर्षांची होती, म्हणूनच ब्रॉडवेची जुनी मुद्रणे तेथील लहान कंपन्या पुन्हा काढू शकल्या. नव्या अमेरिकी कायद्यात एक चांगली तरतूद आहे. जे जुने मुद्रण विक्रीत नाही, त्याचा बिगर-व्यापारी उपयोग रीतसर सूचना देऊन करता येतो. हे तत्त्व अधिक व्यापक झाले पाहिजे. जो मालक वस्तू विकत नाही आणि जपतही नाही, त्याचा इतरांना जपण्यापासून रोखण्याचा हक्क कितपत मानावयाचा?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की सर्वच काही जपणे परवडणारे नाही. हे खरेच आहे. पण काय टाकावयाचे ते ठरविण्यापूर्वी काय आहे याची सूची तरी हवी. तो खर्च अल्प आहे आणि तो टाळण्याचे समर्थन करता येत नाही. दुसरा आक्षेप गुप्त मुद्रणाविषयी आहे. चोरून केलेले मुद्रण विकणे ही कलावंताची लूटच होय आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु अनधिकृत मुद्रणाची गरज ज्या पोकळीतून निर्माण होते, ती पोकळी अधिकृत संग्रहाने भरून काढणे हाच त्यावरील टिकाऊ उपाय आहे. बंदीने चोरी कमी होईल, पण स्मृती वाढणार नाही.

साँडहाइम यांच्याच आणखी एका नाटकाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. ‘मेरिली वुइ रोल अलाँग’ हे नाटक १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये १६ प्रयोगांनंतर बंद पडले आणि दुसऱ्याच दिवशी त्या निराश तरुण नटसंचाने त्याची गाणी मुद्रित केली. पुढील चार दशके अनेक रसिकांनी ते नाटक ओळखले ते त्या तबकडीवरून. २०२३ मध्ये ते ब्रॉडवेवर परतले आणि २०२४ साली सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. तो पाहण्यास साँडहाइम नव्हते. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले होते. एका पिढीने अपयश म्हणून टाकलेली वस्तू दुसऱ्या पिढीला हवीशी वाटू शकते, एवढे भान ठेवले तरी पुरे. मात्र तोवर ती वस्तू शिल्लक असली पाहिजे.