कोल्हापूर, धुळे आणि पृथ्वीचा परीघ: ऑनलाइन व्याख्यानातून एक मोजणी

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. अधूनमधून व्याख्यान आणि अमावास्येच्या आसपास गावाबाहेर रात्रभर आकाशदर्शन, हा अशा मंडळांचा नेहमीचा शिरस्ता. करोनाच्या काळात व्याख्याने ऑनलाइन झाली आणि दूरच्या गावांतले श्रोतेही त्यांना येऊ लागले. हे श्रोते निरनिराळ्या अक्षांशांवर आणि रेखांशांवर बसलेले असतात. खगोलशास्त्रात अशा अंतराला फार मोल आहे, कारण त्यातूनच मोजमाप होते. त्याचा उपयोग कसा करून घेता येतो, ते मे महिन्यातल्या शून्य सावलीच्या व्याख्यानाचे उदाहरण घेऊन पाहू.

अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे राज्यातल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उत्तरायणात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असतो, म्हणून हा दिवस कोल्हापूरला ६-७ मेच्या सुमारास येतो, पुण्याला १३-१४ मेला आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. म्हणून व्याख्यान एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवावे. श्रोत्यांना तयारीला आठ-दहा दिवस मिळायला हवेत.

व्याख्यानाचा गाभा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या इरॅटोस्थेनिसच्या युक्तीचा आहे. इजिप्तमधल्या सायीनी गावात उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य माथ्यावर येत असे. त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात मात्र तो माथ्यापासून ७.२ अंश कललेला असे. ७.२ अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. याचा अर्थ दोन गावांमधले अंतर हे पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग झाले. आपल्याकडे या प्रयोगाला कोल्हापूर आणि धुळे ही जोडी चांगली आहे. दोन्ही शहरे जवळपास एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत सुमारे ४.२ अंशांचा फरक आहे.

हे समजावताना वक्त्याने स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावर उघडावे. आधी ठिकाण कोल्हापूर आणि तारीख ७ मे द्यावी. वेळ पुढे सरकवत नेली की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य खस्वस्तिकाला, म्हणजे थेट माथ्यावरच्या बिंदूला, टेकलेला दिसतो. आता तारीख-वेळेला हात न लावता ठिकाण बदलून धुळे करावे. सूर्य माथ्यापासून दक्षिणेकडे कललेला दिसेल. दोन शब्दांत न मावणारी भूमिती इथे डोळ्यांसमोर घडते. बारा वाजता मध्यान्ह का होत नाही, हा प्रश्न हमखास येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने कोल्हापूर ३३ मिनिटे मागे पडते. मेमध्ये सूर्य सरासरी वेळेच्या तीनेक मिनिटे पुढे असतो, ती त्यातून वजा करायची.

बहुतेक श्रोते फोनवर पाहत असतात, हे तयारी करताना विसरू नये. व्हिडिओ पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते आणि त्यात मंद तारे व बारीक अक्षरे पुसली जातात. म्हणून एका स्लाइडवर एकच आकृती आणि ठळक अक्षरे असावीत. चित्र अडखळले तरी लोक थांबतात, आवाज तुटला की मात्र निघून जातात. तेव्हा वक्त्याने इअरफोनचा माइक वापरावा. चॅटमधले प्रश्न वाचायला दुसरा कार्यकर्ता बसावा, आणि त्याने प्रश्न विचारणाऱ्याचे गावही सांगावे. कोण कुठून ऐकते आहे हे त्यातून कळते आणि मोजणीच्या जोड्या तिथेच ठरतात.

व्याख्यानाची शेवटची दहा मिनिटे कामाच्या सूचनांना द्यावीत. सपाट जागेवर एक मीटर उंचीची सरळ काठी उभी करावी आणि ती ओळंब्याने तपासावी. मध्यान्हाच्या आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटे, दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपावे. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हाची. सूर्याकडे पाहायचे नाही, नजर जमिनीवरच ठेवायची. हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे.

७ मेला कोल्हापुरात सावली जवळजवळ नाहीशी होईल. धुळ्यात ती उत्तरेकडे सुमारे ७.३ सेंटिमीटर पडेल. सावलीच्या लांबीला काठीच्या उंचीने भागून कोन काढला की ४.२ अंश येतात. दोन्ही शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे ४६५ किलोमीटर आहे. त्याला ३६० ने गुणून ४.२ ने भागले की ३९,८०० किलोमीटरहून थोडे अधिक उत्तर येते. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे.

प्रत्यक्षात उत्तर इतके नेमके येत नाही, आणि त्याचे कारण शोधण्यातच खरे शिक्षण आहे. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड धूसर असते. एक मीटर काठीला ती धूसर पट्टी जवळपास नऊ मिलिमीटर रुंद होते. धुळ्यात तीन मिलिमीटरची चूक झाली तर परिघात दीड हजार किलोमीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून मोजणीनंतरच्या रविवारी दुसरी ऑनलाइन बैठक घ्यावी. तिथे वक्त्याने कमी बोलावे. प्रत्येकाने आपला आकडा, खडूच्या खुणांचा फोटो आणि काठी कशी उभी केली ते मांडावे. कोणाचा आकडा बराच वेगळा आला तर त्याला नापास करू नये. काठी तिरकी होती का, जमीन उताराची होती का, हे सर्वांनी मिळून तपासावे.

व्याख्यान ऐकून माणूस माहितगार होतो, पण आपण मोजलेला आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी जुळवल्यावर तो निरीक्षक होतो. एका सभागृहात जमलेल्या मंडळींना ही मोजणी करता आली नसती, कारण तिथे सर्वांची सावली सारखीच पडली असती. म्हणून ऑनलाइन व्याख्यान ठरवताना मंडळाने विषय आणि वक्ता यांच्याबरोबर एक प्रश्न न चुकता विचारावा: दूरदूरच्या गावांतले आपले सभासद या विषयात मिळून काय मोजू शकतील?