आल्फ गार्नेटचा मफलर

विनोदी मालिकेत फुटबॉल क्लब आणायचा झाला, तर काल्पनिक क्लब उभा करणे पटकथाकारांना अधिक सोयीचे असते; २०२० साली सुरू झालेल्या ‘टेड लासो’मधील एएफसी रिचमंड हा क्लब असाच कल्पित असल्याने त्याने केव्हा हरावे आणि केव्हा जिंकावे हे त्यांच्याच हाती राहिले, आणि मँचेस्टर सिटीसारखे खरे क्लब प्रतिस्पर्धी म्हणून तेवढे आले. बीबीसीच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या मालिकेने अर्धशतकापूर्वी याच्या उलट वाट धरली होती. तिचा नायक आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनच्या वॉपिंग या गोदीलगतच्या वस्तीत राहणारा, राजघराण्याचा भक्त, मजूर पक्षाचा द्वेष्टा, परदेशातून आलेल्यांविषयी वाटेल ते बोलणारा कामगार असून तो वेस्ट हॅम युनायटेड या खऱ्याखुऱ्या क्लबचा कट्टर समर्थक आहे.

ही निवड सहज झालेली नव्हती. वेस्ट हॅमचा उगम १८९५ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्यातील कामगारांच्या संघातून झाला, १९०० साली त्याला आजचे नाव मिळाले आणि क्लबच्या बोधचिन्हावर त्या कारखान्यातले, रिव्हेट ठोकण्याचे दोन हातोडे आजही एकमेकांना छेद देऊन उभे आहेत. मालिकेचे लेखक जॉनी स्पेट यांचा जन्म याच परिसरातील कॅनिंग टाउनचा. त्यामुळे आल्फच्या गळ्यातला गडद तांबडा आणि फिकट निळा मफलर दिसताच त्याची वस्ती, त्याचा वर्ग आणि त्याची बोली प्रेक्षकाला एकदम उमगे, त्यासाठी एकही संवाद खर्ची घालावा लागत नसे. त्याचा जावई माइक लिव्हरपूलचा आणि विचारांनी डावा; साहजिकच दिवाणखान्यातील भांडण राजकारणावरून फुटबॉलवर आणि फुटबॉलवरून पुन्हा राजकारणावर घसरे.

खऱ्या क्लबचा सर्वांत मोठा लाभ मालिकेला काळाने करून दिला. तिचे पहिले पर्व जून १९६६ मध्ये सुरू झाले आणि ३० जुलैला इंग्लंडने वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार बॉबी मूर वेस्ट हॅमचा, तीन गोल करणारा जेफ हर्स्ट वेस्ट हॅमचा आणि उरलेला गोल करणारा मार्टिन पीटर्सही वेस्ट हॅमचाच. विश्वचषक इंग्लंडने नव्हे, आमच्या क्लबने जिंकला, असे तिथले समर्थक आजही म्हणतात, आणि इतकी बढाईखोर तरीही इतकी खरी गोष्ट कोणत्याही विनोदी लेखकाला सुचली असती असे वाटत नाही. योगायोग असा की, १९६५ च्या प्रायोगिक भागात आल्फचे आडनाव रॅम्झी होते. इंग्लंडच्या प्रशिक्षकांचे नावही आल्फ रॅम्झीच असल्याने ते बदलून गार्नेट करण्यात आले.

या जवळिकीला दुसरी बाजूही होती. आल्फच्या तोंडचे वर्णद्वेषी बोल त्याचीच टिंगल करण्यासाठी लिहिलेले असले, तरी अनेक प्रेक्षकांनी ते जसेच्या तसे उचलून धरले, आणि काल्पनिक माणसाचा मफलर खऱ्या क्लबच्या रंगांचा असल्याने त्या बोलांची सावली क्लबवरही पडली. वस्तुस्थिती मात्र गुंतागुंतीची होती. बर्म्युडाहून आलेला क्लाइड बेस्ट हा कृष्णवर्णीय आघाडीवीर त्याच वर्षांत मैदानामैदानांवर शिव्या ऐकत वेस्ट हॅमसाठी गोल करीत होता, आणि एप्रिल १९७२ मध्ये बेस्ट, क्लाइव्ह चार्ल्स व अडे कोकर हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू वेस्ट हॅमने एकाच सामन्यात उतरवले. आल्फ जी माणसे शेजारी नकोत म्हणून दर भागात आकांडतांडव करी, त्यांच्यासाठीच त्याच्या क्लबच्या अप्टन पार्क मैदानावर टाळ्या पडत होत्या. तो सामना टॉटनहॅम हॉट्स्परविरुद्ध होता. आणि आल्फची भूमिका करणारे, ज्यू कुटुंबात जन्मलेले वॉरन मिचेल प्रत्यक्षात टॉटनहॅमचे समर्थक होते.