फर्माची पाचवी संख्या: ११६ भागाकार की फक्त पाच?

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या बघा. २ चा ३२ वा घात घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा. ही मूळ संख्या आहे का?

सतराव्या शतकात फर्माला वाटत होतं, की आहे. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात, आणि त्या पाचही मूळ आहेत. पुढचा घातांक ३२. (क्रम शून्यापासून मोजतात, म्हणून हिला पाचवी म्हणायचं.) पण १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं, की तिला ६४१ ने पूर्ण भाग जातो:

६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७

आता खरा प्रश्न. ६४१ सापडला कसा? २, ३, ५, ७ असं भागत गेलात तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. हाताने कंटाळवाणं, पण अशक्य नाही. तुमच्यापैकी बरेच जण इथे लगेच प्रोग्राम लिहायला घेतील. जरा थांबा. भाजक असलाच, तर तो कसा दिसायला हवा, हे आधी विचारा.

समजा, प या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला प ने भागल्यावर बाकी −१. वर्ग करा, ६४ व्या घाताला बाकी १. आता बाकी पहिल्यांदा १ कोणत्या घाताला येते? तो घातांक ६४ चा भाजक असणार. पण तो ६४ पेक्षा लहान असता, तर ३२ लाही त्याने भाग गेला असता आणि ३२ व्या घातालाच बाकी १ आली असती. तिथे तर −१ आहे! (प विषम आहे, म्हणून १ आणि −१ वेगळेच.) म्हणजे तो घातांक नेमका ६४.

शिवाय प−१ व्या घाताला बाकी १ येतेच. हे फर्माचंच छोटं प्रमेय. म्हणून प−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या किती? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते. गंमत म्हणजे हत्यार फर्माच्याच हातात होतं.

मोठ्या संख्यांना ही युक्तीही पुरत नाही. याच मालिकेतली विसावी संख्या संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, पण १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही भाजक अजून कुणाला माहीत नाही. मग सिद्ध कसं झालं? पेपँच्या कसोटीने: संख्येतून १ वजा करून निम्मं करा, ३ चा तेवढा घात घ्या, संख्येने भागा. बाकी −१ आली तरच ती मूळ. विसाव्या संख्येला ती आली नाही.