सिझर झालं म्हणून बाई निकामी होत नाही



“सिस्टर, पोट फाडल्यावर पोरगी कामाची राहील का हो?” पौर्णिमेला विहारातून निघताना एका आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं. सून नवव्या महिन्यात, बाळ आडवं, डॉक्टरांनी सिझर सांगितलेलं. आजींना सुनेच्या जिवाची काळजी होती आणि तिच्या चार घरच्या धुण्याभांड्यांचीही. हातावर पोट असलं की हा प्रश्न येणारच.

बाळ आडवं राहिलं आणि कळा सुरू झाल्या, तर नाळ आधी बाहेर येऊ शकते, पिशवी फाटू शकते. तेव्हा भीती ऑपरेशनची नाही, वाट बघत बसण्याची धरा. वार पिशवीच्या तोंडावर असेल किंवा बाळाचे ठोके घसरत असतील, तरी तेच.

सर्वात मोठी भीती कमरेतल्या इंजेक्शनची. “कंबर कायमची जाते,” असं वस्तीत सगळ्याच सांगतात. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली ही सुई देतात. साध्या बाळंतपणानंतरही कंबर दुखतेच. वाकून बाळाला पाजणं हे त्याचं एक नेहमीचं कारण. काहींचं डोकं मात्र या इंजेक्शनने काही दिवस दुखतं. ते डॉक्टरांना सांगा. ऑपरेशनच्या वेळी बाई जागी असते. पोटात ओढल्या-दाबल्यासारखं वाटतं, पण कापल्याचं दुखत नाही. बाळ काही मिनिटांतच बाहेर येतं, बाकीचा वेळ टाके घालण्यात जातो. ते नंतर दुखतात, खोटं सांगणार नाही. त्यावर औषध मिळतं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत धरून चालवतात, ते गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

घरी आल्यावर तिला उपाशी ठेवू नका. डाळ-भाताने टाके पिकतात, हे मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय! टाके पिकतात ते जंतूंनी. डाळ, अंडी, मासे, पालेभाजी, भरपूर पाणी द्या. दूधही येतं, बाळाला लवकर छातीशी लावा. सहा आठवडे मात्र पाण्याचा हंडा तिला उचलायला लावू नका. ते काम नवऱ्याने करावं. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून हळूहळू कामावर जाता येतं.

ताप, टाक्यातून पू, जास्त रक्तस्राव, एकाच पायाला सूज किंवा धाप दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

“एकदा सिझर की कायम सिझर” हेही पूर्ण खरं नाही. मधे पुरेसं अंतर असेल आणि आधीचं कारण पुन्हा नसेल, तर मोठ्या रुग्णालयात अनेकींचं पुढचं बाळंतपण साधं होतं.

आता दुसरी बाजू. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत सुमारे 47 टक्के, तर सरकारीत 14 टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. म्हणून “कारण काय? थांबलो तर काय होईल?” हे विचाराच. पण तातडीचं असेल तर सही द्यायला गावच्या मामांची वाट पाहू नका. सज्ञान बाईची स्वतःची सही कायद्याने चालते.

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. जाण्या-येण्याच्या गाडीसाठी 102 लावा. नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

आजींना एवढं सगळं सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मग हंडा कोण भरणार?” शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं.