अवकाशखेळातील रात्र आणि आकाशातील फिरते ठिपके

रात्रीच्या आकाशात दिसणारा प्रत्येक ठिपका तारा नसतो. दिवेलागणीनंतर तासाभराच्या आत मोकळ्या जागी उभे राहून वर पाहिले, तर एखादा ठिपका लुकलुकत नाही, विमानासारखा लाल-हिरवा दिवा दाखवीत नाही, संथपणे आकाश ओलांडतो आणि ढग नसतानाही मध्येच विझून जातो. हा ठिपका म्हणजे मानवाने सोडलेला उपग्रह होय. संगणकावर अवकाशयाने उडविण्याचे जे खेळ आहेत, त्यांच्या आकाशात मात्र असे ठिपके बहुधा नसतात. तेथे ग्रह असतात, तारे असतात, खेळाडूने सोडलेली याने कक्षेत फिरतही असतात; पण रात्री जमिनीवरून वर पाहावे तर आकाश रिकामे! असे का होते, आणि ते ठिपके दिसावेत म्हणून काय करावे लागते, हे समजून घेतले म्हणजे खऱ्या आकाशाचेही कोडे उलगडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खेळाची अडचण पाहू. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची रुंदी सुमारे १०९ मीटर आहे आणि ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरते. म्हणजे ते अगदी डोक्यावर असतानाही आपल्या डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाहून किंचित लहान कोन करते. आता संगणकाच्या पडद्यावर आडव्या ओळीत १९२० बिंदू आहेत व त्यांत आकाशाचा ६० अंशांचा पट्टा दाखविला आहे, असे समजा. हिशेब केला तर एवढे मोठे स्थानक जेमतेम अर्धा बिंदू व्यापते. तीन मीटरचा साधा उपग्रह ५०० किलोमीटरवर असेल, तर तो एका बिंदूचा सुमारे नव्वदावा हिस्सा होतो. संगणक वस्तूचा आकार काढावयास जातो. आकार बिंदूहून लहान पडला की ती वस्तू पडद्यावरून नाहीशी होते. शिवाय गणिताचा भार कमी व्हावा म्हणून बरेच खेळ दूरची याने रेखाटतच नाहीत. मेक्सिकोतील स्क्वॉड या कंपनीचा 'कर्बल स्पेस प्रोग्राम' हा खेळ २०११ साली प्रथम लोकांपुढे आला व २०१५ साली पूर्ण स्वरूपात निघाला. त्यातही काही किलोमीटरपलीकडील यान डोळ्यांना दिसत नसे. त्याची केवळ कक्षा हिशेबात राही. ही उणीव भरून काढण्यासाठी खेळाच्या चाहत्यांनीच 'डिस्टंट ऑब्जेक्ट एन्हान्समेंट' नावाची जोड तयार केली.

मग आपल्या डोळ्याला जे दिसते, ते संगणकाला का दिसू नये? कारण असे की, डोळा अशा वेळी आकार पाहत नाही, उजेड पाहतो. ताऱ्याचा आकार कोणाला दिसतो? तरीही तारा दिसतोच. तेव्हा उपाय सोपा आहे. दूरच्या वस्तूचे चित्र काढावयाचे नाही. तिच्या जागी प्रकाशाचा एक ठिपका काढावयाचा, आणि तो किती तेजस्वी असावा हे गणिताने ठरवावयाचे. या गणितात चार प्रश्न येतात.

पहिला प्रश्न : वस्तू कोठे आहे? कक्षेचे मोजके आकडे हाती असले की केप्लरच्या नियमांनी कोणत्याही क्षणाचे स्थान काढता येते. ते स्थान क्षितिजाच्या वर असेल तरच पुढे जावयाचे.

दुसरा प्रश्न : तिच्यावर ऊन आहे काय? उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. तो सूर्याचा प्रकाश परत फेकतो. पृथ्वीच्या मध्यातून सूर्याच्या विरुद्ध दिशेला एक सरळ रेषा कल्पावी. उपग्रह त्या बाजूला असून रेषेपासून त्याचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येहून, म्हणजे सुमारे ६३७१ किलोमीटरहून, कमी असेल तर तो सावलीत आहे. ठिपका काढू नये. आकाशात ठिपका मध्येच विझतो तो याच कारणाने. आमचे रामाकोना गाव घ्या. तेथे सूर्य मावळला तरी ४०० किलोमीटर उंचीवर, अगदी डोक्यावर असलेल्या वस्तूला सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत ऊन मिळत राहते. सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली जातो, म्हणून हा काळ सुमारे सव्वा ते दीड तासाचा होतो. पहाटेही सूर्योदयापूर्वी तेवढाच. मध्यरात्री खालच्या कक्षेतील उपग्रह का दिसत नाहीत, याचे उत्तर येथे मिळते.

तिसरा प्रश्न : अंतर किती? अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. स्थानक क्षितिजावर असताना आपल्यापासून सुमारे २३०० किलोमीटर दूर असते, डोक्यावर असताना ४००. केवळ अंतराचा विचार केला तरी उजेडात तीसपटींहून अधिक फरक पडतो. म्हणूनच ते मंदपणे उगवते आणि माथ्यावर येता येता शुक्राच्या तोडीचे चमकते. चंद्राप्रमाणे कलेचाही परिणाम होतो : उजळलेली बाजू आपल्याकडे किती वळली आहे, हेही धरावे लागते.

चौथा प्रश्न : मागचे आकाश किती उजळ आहे? दिवसा उपग्रह असतोच, पण निळ्या उजेडात बुडतो. खेळातही दिवसा ठिपका पुसट करावा लागतो, नाहीतर भर दुपारी आकाशात चांदण्या दिसावयाच्या!

एवढे केले की खेळाची रात्र खरी वाटू लागते. पण ही केवळ करमणुकीची बाब आहे, असे मला वाटत नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला स्पुटनिक सोडला. तो अवघा ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होता. साध्या डोळ्यांनी लोकांनी जो ठिपका पाहिला, तो बहुतेक वेळा त्याच्यासोबत कक्षेत गेलेला रॉकेटचा पंचवीस मीटरहून लांब भाग होता. म्हणजे मानवाने अवकाशात पहिल्या दिवशी काम पाठविले, तसा कचराही पाठविला; आणि दिसला तो कचराच. १९७९ च्या जुलैमध्ये अमेरिकेची स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्या खेडोपाडी केवढी घबराट उडाली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. अखेर तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

अलीकडची गोष्ट तर आपल्या शेजारची आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची रांग गेली, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. कोणी उल्का म्हटले, कोणी आणखी काही. हे अवशेष २०२१ साली सोडलेल्या चिनी रॉकेटच्या टप्प्याचे असावेत, असे जाणकारांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : संथ, शांत ठिपका उसन्या उन्हाने चमकतो, तुटणारी, शेपटीची रांग वातावरणात घुसून स्वतः जळत असते. पहिल्याला भिण्याचे कारण नाही.

आज पृथ्वीभोवती नोंद झालेल्या वस्तूंची संख्या तीस हजारांवर आहे. त्यांवर लक्ष ठेवण्यासाठी इस्रोने डिसेंबर २०२० मध्ये बेंगळुरूतील पीण्या येथे नियंत्रण केंद्र सुरू केले. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ते ठिकाण आमच्याहून जवळचे आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू जमिनीवर पडून नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी ती सोडणाऱ्या राष्ट्रावर असते. पण जबाबदारी सिद्ध करावयाची तर वस्तू कोणाची, हे आधी कळले पाहिजे. आणि त्यासाठी तिची नोंद हवी.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी एवढे जाणतो की, वहीत न मांडलेले देणे फिटत नाही, ते वाढत जाते. रिकामे आकाश दाखविणारा खेळ मुलांना नकळत असेच शिकवितो की, वर सोडलेली वस्तू संपली. दहा ओळींच्या गणिताने तो ठिपका पडद्यावर आणता येत असेल, तर तो आणावाच. आणि ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांनी सूर्यास्तानंतर तासाभराने अंगणात जाऊन वर पाहावे. खऱ्या आकाशाने तो हिशेब उघडाच ठेवला आहे.