नाव एक, कुळे दोन

इंग्रजीतले ‘प्लँटेन’ हे नाव दोन वनस्पतींना आहे, पण त्यांच्यात जवळचे नाते नाही. पहिली इसबगोलाची भावंडे. त्यांची पाने जमिनीला सपाट टेकतात, म्हणून तळपायाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. दुसरी शिजवून खायची केळी. तिचे नाव स्पॅनिश ‘प्लातानो’वरून आले. इसबगोल द्विदल, केळ एकदल. उच्चार जुळले, कुळे नाहीत. तेव्हा नावावरून नाते ठरवणे धोक्याचे.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रीय नावावर तरी विसंबता येईल. पण तिथेही पुरावा तपासावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये भाजीच्या केळीला ‘मुसा पॅराडिसियाका’ आणि १७५९ मध्ये गोड केळीला ‘मुसा सॅपिएंटम’ म्हटले. पुढे कळले की दोन्ही ‘अक्युमिनाटा’ आणि ‘बाल्बिसियाना’ या रानटी जातींचे संकर आहेत. म्हणून १९५५ मध्ये सायमंड्स आणि शेफर्ड या संशोधकांनी गुणसूत्रसंचांवरून गट पाडले: पहिल्या जातीचा संच ‘ए’, दुसरीचा ‘बी’. त्यानुसार राजेळी ‘एएबी’, तर खानदेशातली बसराई ‘एएए’. मग लोकांची नावे टाकाऊ का? मुळीच नाही. राजेळी म्हटले की वसईकराला सुकेळी, म्हणजे सुकवलेले केळे, आठवते. केळ्याचा उपयोग त्या नावातच साठवलेला आहे. गुणसूत्रे वंश सांगतात, बोलीतली नावे वापर सांगतात. आपल्या गावातल्या केळींची नावे म्हणूनच वाणासह लिहून ठेवा.