वाळूचा थर पाणी कसे गाळतो?

काशी येथे भदैनीच्या घाटावर उपसलेले गंगेचे पाणी भेलूपूरच्या जलकेंद्रात वाळूच्या थरांतून गाळले जाते. हे केंद्र १८९२ साली सुरू झाले. त्याच वर्षी जर्मनीतील हांबुर्ग शहरात एल्बे नदीचे न गाळलेले पाणी पिणारे आठ हजारांहून अधिक लोक पटकीच्या साथीत दगावले; शेजारचे आल्टोना गाव त्याच नदीचे पाणी वाळूतून गाळून घेत असल्यामुळे बहुतांशी बचावले.

वाळू ही केवळ चाळणी नव्हे. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या वाळूकणांमधील पोकळ्या जंतूंच्या मानाने कित्येक पटींनी मोठ्या असतात. तरीही जंतू अडतात ते कसे? पाण्याने भरलेल्या या पोकळ्यांतून प्रवाह संथपणे वाहतो. जड कण वाळूवर बसतात; अतिसूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात वाळूला भिडतात. परंतु वाळू व गाळ या दोहोंवर ऋण विद्युत्भार असल्याने ती परस्परांना दूर लोटतात. तुरटीने हा विरोध शमतो व कण चिकटतात. आल्टोनासारख्या अतिमंद गाळणीत वाळूवर जमणारा सूक्ष्मजीवांचा चिकट थर हे कार्य करतो.

कण साचून पोकळ्या अरुंद झाल्या की पाण्याची वाट अडते. तेव्हा थर धुवावा लागतो. प्रवाहाचा वेग एकाएकी वाढल्यास चिकटलेले कण सुटून पुढे जातात. म्हणूनच गाळलेल्या पाण्यातही क्लोरीन मिसळणे अगत्याचे ठरते.